पंडिता रमाबाई आणि पाचारण

स्मरणिकेतल्या आदर्श व्यक्ती या सदरासाठी मी पंडिता रमाबाईंचे नाव कळवले, तेव्हा संपादक मंडळातल्या आपल्याच एका वर्गमित्राने फोनवर विचारले, की त्यांच्यावर नवीन काय लिहिणार? त्या तर इतिहासाच्या पुस्तकात होत्याच. त्याचे खरे आहे. शारदा सदन, विधवांचे शिक्षण, केडगावचे मुक्ती मिशन हे शब्द आपण सगळ्यांनी पाच मार्कांसाठी लिहिलेले आहेत. पण त्या चार ओळींत एक वाक्य असायचे, की त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या वाक्यावर पुस्तक थांबत नसे आणि गुरुजीही थांबत नसत. वर्गात ख्रिस्ती घरातली मी एकटीच. ते वाक्य आले की दोन-चार माना माझ्याकडे वळायच्या. त्या डोळ्यांत राग नव्हता, कुतूहल होते. का बदलला असेल धर्म?

पुढे नांदेडला तीस वर्षे शिक्षकी केली. तिथल्या स्टाफरूममध्येही हा प्रश्न निघायचा, पण तिथे उत्तरे तयार असायची. मिशनऱ्यांनी भुलवले. परदेशी पैसा. एकटी विधवा बाई, दुसरे काय करणार. म्हणून ठरवले, की आता लिहायला दोन-चार पाने मिळत आहेत तर त्या एका वाक्यावरच थांबावे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळ नावाच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून जातभाईंचा रोष पत्करलेला हा माणूस. आई लक्ष्मीबाईंनी तेच संस्कृत मुलीला दिले. रमा सहा महिन्यांची होते न होते तोच घर मोडले आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या टोपलीत घालून तिला नेले म्हणतात. तेव्हापासून पुढची पंधरा-सोळा वर्षे या घराला गाव नव्हते. देवळाच्या आवारात पुराण सांगायचे, श्रोते जे देतील त्यावर जगायचे, उरलेले ब्राह्मणांना दान करायचे आणि पुढच्या क्षेत्राला निघायचे. मुलीला भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ झाले. भीक मागायची नाही आणि शास्त्राबाहेरचे काम करायचे नाही, हा वडिलांचा नेम.

मग १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. आपल्या पिढीला दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. बहात्तर सालची सुकडी, मिलो, खडी फोडायच्या कामावर गेलेल्या आया हे सगळे आपण पाहिलेले आहे. पण आपल्याकडे निदान रोजगार हमी होती. डोंगरे कुटुंबाकडे होते ते भांडीकुंडी आणि दागिने. ते विकून आलेले पैसेही त्यांनी अनुष्ठानांत आणि दानात घातले, कारण शास्त्रात लिहिल्याप्रमाणे देव प्रसन्न होईल यावर त्यांची श्रद्धा होती. देव काही बोलला नाही. शेवटी ही माणसे झाडपाला खाऊन राहिली. वडिलांनी पवित्र तळ्यात देह ठेवायचे ठरवले. मुलगा श्रीनिवास म्हणाला की मी मजुरी करीन, तेव्हा तो बेत राहिला. तरी थोड्याच दिवसांत वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण.

जाण्याआधी वडिलांनी रमाला जवळ घेऊन सांगितले, की मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याची आहेस, त्याचीच सेवा कर. रमाबाईंनी पुढे आपल्या आध्यात्मिक साक्षीत ही गोष्ट आवर्जून नोंदवली. मला ती त्यांच्या सगळ्या आयुष्याची चावी वाटते. कोणत्या देवाच्या हाती, हे ना वडिलांना सांगता आले, ना मुलीला विचारता आले.

बहीण-भाऊ पायी निघाले ते उत्तरेत काश्मीरपर्यंत गेले. झेलमच्या काठी थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हते, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. ज्या श्रद्धेने आईवडील उपाशी मेले ती या मजलेत पातळ होत गेली. १८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचले आणि तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. सगळा देश नावाने ओळखू लागला. देवावरचा विश्वास मात्र त्याच सुमारास जवळपास संपलेला होता. हा विरोधाभास चरित्रकार फारसा सांगत नाहीत.

कलकत्त्यातच त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती उपासना पाहिली. ती आठवण मजेशीर आहे. एका ख्रिस्ती मंडळींच्या घरी दोघांना बोलावले होते. तिथे चहा-बिस्किटे चाललेली पाहूनच कलियुग आले अशी त्यांची खात्री झाली. मग सगळे गुडघे टेकून, समोरच्या खुर्च्यांकडे तोंड करून डोळे मिटून काही पुटपुटू लागले. बहीण-भावांनी अंदाज केला, की हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! आमच्या चर्चमध्ये ही गोष्ट सांगितली की म्हातारी माणसे अजून पोट धरून हसतात.

१८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. दोघांची जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेले. सिल्चरच्या त्या घरात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. त्यांना ती आवडली. पतीला तो नाद पसंत नव्हता.

विधवा रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन पुण्याला आल्या. रानडे, भांडारकर अशी मंडळी पाठीशी उभी राहिली, आर्य महिला समाज निघाला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक निघाले. म्हणजे एकटी विधवा, दुसरे काय करणार, हे बोलणे इथेच खोटे पडते. पुण्यात त्यांना मान होता, काम होते, माणसे होती. त्या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांत १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, त्या वैद्यकी शिकायला. पण त्यांना कमी ऐकू येत असे आणि कानांच्या या दोषामुळे डॉक्टर होण्याचा मार्ग बंद झाला.

वाँटेजला ज्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या, त्यांचे लंडनजवळ फुलहॅमला एक घर होते. समाजाने टाकून दिलेल्या, वाममार्गाला लागलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे. रमाबाई हे पाहून थक्क झाल्या. धर्म अशा बायकांना शिक्षा करतो एवढेच त्यांना पाठ होते, धर्म त्यांना जेवू घालतो हे त्यांनी पाहिले नव्हते. हे तुम्ही का करता, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर पाणी भरायला आलेली बाई. पाच नवरे झालेले. जातीने हलकी, वागण्याने बदनाम. येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिचा सगळा इतिहास तिलाच सांगतो आणि तरी बोलणे मोडत नाही. या माणसाला आपले सगळे ठाऊक आहे आणि तरी तो आपल्याशी बोलतो, एवढ्या गोष्टीवर ती बाई घागर तिथेच टाकून गावात पळत सुटते.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे या मूळ मराठी ब्राह्मण घराण्यातल्या ख्रिस्ती पंडिताच्या लिखाणाने रमाबाईंच्या बुद्धीचे समाधान केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. नाव मेरी रमा. त्याच दिवसांत सोबत आलेल्या मैत्रिणीने तिथे आत्महत्या केली होती. परक्या देशात त्या महिन्यांत या पंचवीस वर्षांच्या बाईवर काय गुदरले असेल, याचा विचार पुण्यातल्या टीकाकारांनी केला नाही.

मिशनऱ्यांनी भुलवले म्हणणाऱ्यांनी यानंतरचा पत्रव्यवहार वाचावा. ज्या भगिनी जेराल्डिनना रमाबाई आजीबाई म्हणत, त्यांच्याशीच त्यांनी वर्षानुवर्षे वाद घातला. चर्च सांगते म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. त्रैक्याच्या सिद्धांतावर शंका काढल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आम्हाला कळेल अशा भाषेत लिहा, म्हणाल्या. मांसाहार घेतला नाही तो नाहीच. एका पुरोहितवर्गाच्या हाताखालून निघून दुसऱ्याच्या हाताखाली जायला मी आलेले नाही, असा त्या पत्रांचा एकूण सूर आहे. आश्रमातल्या मंडळींना ही शिष्या फार जड गेली असावी.

अमेरिकेत व्याख्याने देऊन, पैसे उभे करून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही हा करार होता आणि तो त्यांनी पाळला. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आले.

आणि आता मला जे सांगायचे आहे ते. १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, रमाबाईंच्या ध्यानात आले की आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलेलाच नाही. एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांनी वाचले. वर्षानुवर्षे व्यासपीठावरून उपदेश केल्यावर त्याला आपण स्वतः कोरडे आहोत हे समजले होते. ते वाचून त्या हादरल्या. तुलना करून, वाद घालून, पटवून घेऊन एक उत्तम मत त्यांनी स्वीकारले होते. पण मत आपल्याला हाक मारत नाही. वडिलांनी ज्याच्या हाती दिले तो कोण, हा प्रश्न अजून मोकळाच होता. तेव्हा या पंडितेने पांडित्य बाजूला ठेवले आणि विहिरीवरच्या त्या बाईसारख्या, काही न लपवता, त्या त्याच्यापुढे आल्या. तो आपल्याला ओळखतो, आपल्या नावानिशी ओळखतो, ही खात्री तेव्हा झाली, असे त्यांनी पुढे साक्षीत मांडले.

आम्ही याला पाचारण म्हणतो. तुम्ही हा शब्द अग्निशमन दलाला पाचारण केले अशा बातम्यांत वाचता, त्यामुळे तो सरकारी वाटेल. आमच्या बोलण्यात त्याचा अर्थ घरचा आहे, मेंढपाळ एकेका मेंढराला त्याच्या नावाने बोलावतो तसा. मराठवाड्यात हे कुणाला अवघड वाटू नये. गंगाखेडची जनाबाई आपलीच. कुणाच्या तरी घरची दासी, जगाच्या लेखी कुणी नाही, आणि तिचा विठोबा तिला जनी म्हणून ओळखतो, तिच्या जात्याला हात लावतो. माझी आई ख्रिस्ती भजनांबरोबर जनाबाईच्या ओव्याही गुणगुणायची आणि तिला त्यात काही विसंगत वाटत नसे. माझे मत असे, की रमाबाईंच्या बालपणी संस्कृतच्या भिंतीआड ही ओवी पोहोचलीच नाही. पोहोचली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मनात येतो. पण त्यांना हाक आली ती ख्रिस्ताकडून, आणि ती त्यांनी ओळखली.

परदेशी पैशाचा हिशेब इथे करावा. १८९१ मध्ये त्या ख्रिस्ती होत्याच. संस्था होती, अमेरिकेतून मदत येत होती, रानडे-भांडारकर सल्लागार होते. या नव्या अनुभवाने त्यांना मिळाले काय, तर नुकसान. आपल्या खोलीत प्रार्थना करताना त्या दार लावून घेत नसत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यात काहूर उठले, केसरीने झोडपले. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. दार लावून घेणे सोपे होते. त्यांनी लावले नाही. पालकांची भीती मी समजू शकते. मीही मुलींची बाई होते आणि आईबापांचा शब्द ही हलकी गोष्ट नव्हे. पण पैशासाठी केले, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने या वर्षाचा जमाखर्च मांडून दाखवावा.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. स्वतःच्या उपाशी पोटाची आठवण वीस वर्षांनी जागी झाली होती. ओसाड गावांतून, दुष्काळी छावण्यांतून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि तरुण विधवा आणल्या. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त, तिथे इतक्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावला. तिथे त्यांनी आधीच जमीन घेऊन फळबाग लावली होती. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतली माणसे दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, तेलघाणा, छापखाना, आंधळ्या स्त्रियांसाठी वेगळे सदन, वाट चुकलेल्यांसाठी कृपा सदन. फुलहॅमला पाहिलेले घर इथे उभे राहिले.

१९९३ च्या किल्लारीनंतरची एक गोष्ट इथे सांगते. आपल्या वर्गातल्या एकाचे सगळे घर त्या पहाटे गेले. काही महिन्यांनी तो भेटला तेव्हा त्याने मला सरळ विचारले, की तुझा देव नावानिशी ओळखतो ना, मग आमच्या गल्लीतली नावे त्याला ठाऊक नव्हती का? मी काही बोलले नाही, आणि आजही त्या प्रश्नावर माझ्याजवळ तोडगा नाही. रमाबाईंच्याजवळही नव्हता. आईवडील का मेले याचे स्पष्टीकरण त्यांच्या साक्षीत शोधून सापडत नाही. सापडते ते एवढेच, की दुष्काळाची बातमी आली तेव्हा त्यांनी गाडी पकडली. त्या मित्राने हा लेख वाचावा अशी इच्छा आहे. तो संमेलनाला येणार आहे असे कळले.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठे धार्मिक जागरण झाले. शेकडो मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करत, रडत. जगभरच्या ख्रिस्ती लोकांत त्याची चर्चा झाली. आमच्यातले काही जण रमाबाईंना त्यासाठीच ओळखतात. मला त्या गलक्यापेक्षा त्याच सुमारास त्यांनी हाती घेतलेले शांत काम अधिक मोठे वाटते. बायबलचे मराठी भाषांतर होते, पण संस्कृत शब्दांनी जड. मुक्तीतल्या साध्या बायकांना कळेल असे हवे, म्हणून पन्नाशीकडे झुकलेल्या या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतले आणि सगळ्या बायबलचे भाषांतर पुन्हा, एकटीने, केले. भागवत पाठ असणाऱ्या पंडितेने संस्कृत शब्द एकेक करून गाळले.

आपल्या भागाशी एक धागा मनोरमेचा. तेव्हा नांदेड, लातूर, गुलबर्गा सगळेच निजामाच्या राज्यात. १९१२ मध्ये मनोरमाबाईंनी गुलबर्ग्याला शाळा उभारायला मदत केली. लातूरकरांना पुण्यापेक्षा गुलबर्गा जवळ. त्याच्या आदल्याच वर्षी बार्शी लाईट लातूरला पोहोचली होती. आपण कुर्डुवाडीला गाडी बदलून पुण्याला जायचो ना, त्याच मोठ्या लाईनीवर दौंडच्या पुढे केडगाव लागते. किती वेळा झोपेत ते स्टेशन मागे टाकले असेल आपण!

आईच्या मागे मुक्ती सांभाळायची ती मनोरमेने, असे ठरल्यासारखे होते. १९२१ च्या जुलैत ती चाळिशीतच गेली. रमाबाईंचे कान तोवर जवळपास गेले होते, प्रकृती ढासळली होती. भाषांतराची शेवटची प्रुफे तपासायची राहिली होती. तेवढे पुरे होईतो आयुष्य दे, अशी त्यांनी प्रार्थना केली आणि ती पाने हातावेगळी झाल्यावर त्या गेल्या, असे केडगावला सांगतात. ५ एप्रिल १९२२ ला पहाटे झोपेतच त्या वारल्या.

संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, पाने छापणाऱ्या बायका मुक्तीतल्याच होत्या.